सांगलीत लॅपटॉपचं ग्राफिक्स गेलं, दुरुस्ती करू की नवीन घेऊ?
आधी बाहेरचा मॉनिटर लावून बघा, तिथं चित्र नीट आलं तर बहुतेक स्क्रीन नाहीतर केबल गेलीय, ते काम त्यामानानं स्वस्तात होतं. दोन्हीकडं रेघा आल्या तर मात्र ग्राफिक्स चिपवरच, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागावरच संशय. गरम हवा मारून चालू करून देतो म्हणणारे भेटतील, माझ्या भावानं विश्रामबागेत तसंच करून घेतलं आणि दीड महिन्यात परत बंद, कारण बिघाड बऱ्याचदा चिपच्या आतल्या जोडणीत असतो, उष्णतेनं तो तात्पुरता जुळतो एवढंच. दोन-तीन वर्षांचं मशीन असेल तर ही चिप जिच्यावर बसते तो मदरबोर्ड बदला, वॉरंटी लिहून घ्या. सात-आठ वर्षांचं असेल तर मी तरी नवीनच घेईन, त्यात विंडोज १० चा सपोर्टपण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुनी हार्ड डिस्क मात्र काढून ठेवा, फोटो त्यात असतात.