प्रदेशवार आरोग्य आणि राहणीमान: आकड्यांच्या संकेतस्थळांचा काही महिन्यांचा अनुभव

देशादेशांची तुलना करायची असेल तर हल्ली काही अडत नाही. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, 'अवर वर्ल्ड इन डेटा', कुठेही जा, दोन क्लिकमध्ये आलेख तयार. घोडं अडतं ते देशाच्या आत शिरल्यावर. दोन वेगळ्या देशांतले दोन प्रांत शेजारी ठेवून कुठे माणसं जास्त जगतात, कुठे बरी जगतात, हे पाहायचं म्हटलं की निम्मी संकेतस्थळं गप्प बसतात. गेले काही महिने माझं काम नेमकं तेच असल्यामुळे जी वापरात टिकली त्यांच्याबद्दल लिहिते.

सुरुवात बहुतेक जण करतात तिथूनच मीही केली: ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचं 'रीजनल वेल-बीइंग'. २०१४ पासून आहे, चारशेहून जास्त प्रदेश आहेत आणि दिसायला देखणं आहे. उत्पन्न, रोजगार, घर, आरोग्य, पर्यावरण, सुरक्षा असे अकरा विषय, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. एखादा प्रदेश निवडला की इतर देशांतले त्याच्यासारखे प्रदेशही दाखवतं. या सोयीत माझा बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असं म्हणवत नाही. पण गुणांच्या मागे काय आहे ते उघडून बघा. 'सुरक्षा' म्हणजे खुनाचं प्रमाण. 'सेवांची उपलब्धता' म्हणजे मुख्यतः घरी ब्रॉडबँड आहे की नाही. दवाखाना किती लांब आहे, हे त्यात कुठेच नाही! जिथे खून मुळातच विरळ, तिथले सगळेच प्रदेश दहाच्या आसपास घोटाळतात आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो. शिवाय गुण इतर प्रदेशांच्या तुलनेत ठरतात. त्यामुळे तुमच्या प्रदेशात काहीही न बदलता गुण हलू शकतो. कोणता विषय खणायचा ते ठरवायला हे संकेतस्थळ उत्तम. अहवालात मात्र मी गुण कधीच घेत नाही. खालचा मूळ निर्देशक घेते, उदाहरणार्थ जन्मवेळचं आयुर्मान.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त उघडलं गेलं ते युरोस्टॅट, युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचं संकेतस्थळ. रूप काही नाही, तक्त्यांची नावं पाठ करावी लागतात, पण प्रामाणिक. प्रदेशांची विभागणी 'नट्स' पद्धतीने होते. तिच्या दुसऱ्या पातळीवरचा प्रदेश साधारण आठ लाख ते तीस लाख वस्तीचा, म्हणजे तुलनेला बऱ्यापैकी समान आकाराचे तुकडे मिळतात. आकड्याशेजारी बारीक अक्षर असतं तिकडे आधी बघायचं: 'बी' असेल तर मालिका तिथे तुटली आहे (मागचे-पुढचे आकडे थेट तुलनेचे नाहीत), 'ई' असेल तर अंदाज, 'यू' असेल तर भरवसा कमी. नुसता विसर्गासारखा अपूर्णविराम दिसला तर आकडाच नाही. साधी मजकूर-फाइल उतरवली तर ही अक्षरं आकड्याच्याच रकान्यात येतात आणि एक्सेल त्या रकान्याला संख्या मानायला तयार होत नाही. आधी अक्षरं वेगळ्या रकान्यात काढा, पुसून टाकू नका.

खरी डोकेदुखी सांकेतिक क्रमांकांची. फ्रान्सने २०१६ मध्ये आपले प्रांत एकत्र केले, त्यानंतर 'नट्स'मध्ये अल्सास प्रांताचा एफआर४२ बदलून एफआरएफ१ झाला. जमीन तीच, माणसं तीच, क्रमांक तेवढा बदलला. जुनी फाइल नव्या नकाशाला जोडली की जवळपास अख्खा फ्रान्स पांढरा! लिथुआनियात तर जो देश आधी एकच प्रदेश होता त्याचे दोन झाले, राजधानीचा वेगळा आणि बाकीचा वेगळा. ब्रिटनने २०२१ पासून स्वतःची 'आयटीएल' पद्धत घेतली. त्यामुळे लांब पल्ल्याची मालिका हवी असेल तर कोणत्या वर्षीची विभागणी आहे हे फाइलच्या नावातच लिहून ठेवते.

राहणीमानासाठी लोक दरडोई सकल उत्पादन सर्रास वापरतात. प्रदेशाच्या पातळीवर तो आकडा फसवा आहे. रोज शेजारच्या प्रदेशातून कामाला येणारे लोक उत्पादनात धरले जातात, लोकसंख्येत नाही. लक्झेंबर्ग किंवा मध्य लंडन म्हणूनच आभाळाला टेकलेले दिसतात. घरखर्चाला हातात उरणारं उत्पन्न युरोस्टॅटवरच प्रदेशवार मिळतं, ते घ्या.

अमेरिकेसाठी 'सीडीसी वंडर', तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचं संकेतस्थळ. रूप जुनाट, प्रत्येक वेळी अटी मान्य करा म्हणतं, पण काउंटीपर्यंतचे (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मृत्यूचे आकडे देतं. दहापेक्षा कमी मृत्यू असतील तर आकडा झाकतं आणि वीसपेक्षा कमी असतील तर दरापुढे 'अविश्वसनीय' असं स्पष्ट लिहितं. हे सगळ्यांनी शिकावं. वयाची दुरुस्ती का लागते तेही इथे लगेच दिसतं. फ्लोरिडाचा साधा मृत्युदर युटापेक्षा बराच जास्त, कारण फ्लोरिडात म्हातारी माणसं जास्त. वय समायोजित केलं की ती दरी आटते. मात्र अमेरिकेचा समायोजित दर २००० सालच्या अमेरिकी प्रमाण-लोकसंख्येवर (तुलनेसाठी ठरवलेली वयोगटांची वाटणी) बेतलेला आणि युरोपचा २०१३ च्या युरोपीय. दोन्ही एका तक्त्यात टाकू नयेत. तेव्हा मी आयुर्मानाकडे वळते. त्याला प्रमाण-लोकसंख्या लागत नाही.

श्रीमंत देशांच्या पलीकडे गेलं की पर्याय कमी होतात. सिएटलच्या आयएचएमई या आरोग्य-संशोधन संस्थेचं 'जीबीडी कम्पेअर', म्हणजे जगभरच्या रोगभाराची तुलना, जवळपास सगळं व्यापतं, काही देशांचे प्रांतही. पण हे अंदाज आहेत. जिथे नोंदी नाहीत तिथलीही पोकळी गणिती प्रारूपाने भरलेली असते आणि चकाकत्या आलेखात मोजलेलं कुठे नि अंदाजलेलं कुठे हे नजरेला कळत नाही. अनिश्चिततेची पट्टी चालू ठेवूनच बघा. नवी आवृत्ती आली की १९९० पासूनची पूर्ण मालिका नव्याने काढली जाते, म्हणून जुन्या आवृत्तीतला आकडा नव्याशेजारी ठेवणं चूक. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाची 'ग्लोबल डेटा लॅब' प्रांतवार मानव विकास निर्देशांक देते; पहिल्या अंदाजासाठी मला ती आवडली.

'आयुष्याबद्दल समाधानी आहात का' या प्रश्नाची उत्तरं मात्र प्रदेशवार जपूनच वापरावी लागतात. गॅलप या जनमत चाचणी संस्थेचं सर्वेक्षण बहुतेक देशांत वर्षाला हजारेक लोकांना विचारतं. तो हजार प्रांतांत वाटला की एकेकाच्या वाट्याला किती येतात ते बघा. दोन प्रांतांत दशांश तीनचा फरक दिसला म्हणून मथळा करणाऱ्यांचा मला राग येतो.

घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणांसाठी 'डीएचएस' (लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षण) या मुख्यतः अमेरिकी निधीवरच्या कार्यक्रमाचं 'स्टॅटकंपायलर' हे माझं आवडतं साधन. १९८४ पासूनचा कार्यक्रम, नव्वदेक देशांतलं काम, आणि प्रश्न बरेचसे सारखे, त्यामुळे दोन खंडांतले प्रांत खरोखर शेजारी ठेवता येतात. नकाशावर टाकणाऱ्यांसाठी एक सूचना: लोकांची ओळख लपवायला सर्वेक्षणाची ठिकाणं मुद्दाम सरकवलेली असतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाचपर्यंत, क्वचित दहापर्यंत. म्हणजे 'दवाखान्यापासूनचं अंतर' त्यावरून मोजायला जाऊ नका. २०२५ मध्ये अमेरिकी निधी थांबला आणि या कामाला खीळ बसली. तेव्हापासून लागणारा प्रत्येक तक्ता, त्याच्या टिपांसकट, उतरवल्याची तारीख घालून मी माझ्याकडे ठेवते. नुसता दुवा जपून ठेवणं बंद केलं आहे.