हाफपाइप की स्लोपस्टाइल? स्नोबोर्डवर करिअर करायचं तर

हाफपाइप म्हणजे दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेला बर्फाचा अर्धगोल चर, त्यात खालीवर करत कसरती करायच्या; स्लोपस्टाइल म्हणजे उतारावरून जाताना रेल (कठड्यासारख्या दांड्या) आणि जंपवर कसरती करायच्या. माझं मत आधीच सांगतो: घराजवळ बावीस फुटी पाइप नसेल, तर स्लोपस्टाइल धरा.

दोन डगरींवर पाय ठेवणं अवघड असतं, हे २०१४ च्या सोची ऑलिंपिकनं दाखवलं. अमेरिकेचा स्नोबोर्डर शॉन व्हाइट दोन्ही प्रकारांत उतरणार होता. सरावात मनगट दुखावलं, तेव्हा हाफपाइपचं सलग तिसरं सुवर्ण हुकू नये म्हणून त्यानं स्लोपस्टाइल ऐनवेळी सोडलं. हाफपाइपमध्ये तो चौथा आला. तिकडे स्लोपस्टाइल जिंकलं सेज कॉट्सनबर्गनं, तेही स्वतः पूर्वी कधीच न मारलेली साडेचार गिरक्यांची उडी थेट फायनलमध्ये मारून!

हाफपाइपची खरी अडचण हुनर नाही, जागा आहे. ६.७ मीटर उंच भिंती कोरायला खास यंत्र लागतं, भरपूर बर्फ लागतो आणि रोजची निगा वेगळीच. म्हणून पूर्ण उंचीचे पाइप मोजक्याच रिसॉर्टमध्ये सापडतात. व्हाइटसाठी तर २००९ मध्ये रेड बुलनं कोलोराडोच्या सिल्व्हरटनजवळ खासगी पाइप बांधला होता. असं भाग्य किती जणांचं? रेल आणि जंप असलेला साधा पार्क त्या मानानं बऱ्याच ठिकाणी मिळतो. पण लहानपणापासून स्केटबोर्डच्या रॅम्पवर वाढला असाल, तर माझं मत थोडं बदलेल. जपानच्या आयुमु हिरानोच्या वडिलांचा स्केटपार्क होता. तो २०२१ मध्ये टोकियोत स्केटबोर्डिंग खेळला आणि सहा-सात महिन्यांत बीजिंगला हाफपाइपचं सुवर्ण घेऊन गेला.

त्याच फायनलमध्ये त्याच्या दुसऱ्या फेरीला ९१.७५ गुण मिळाले तेव्हा परीक्षकांवर टीकेची झोड उठली. तिसरीत ९६ मिळवून त्यानं वाद मिटवला. परीक्षकांच्या मर्जीचा हा भाग दोन्हीकडे आहे. फरक असा की स्लोपस्टाइलवाल्याला २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये बिग एअरचंही (एकाच मोठ्या जंपवरून उडी मारण्याच्या प्रकाराचं) पदक खुलं झालं. हाफपाइपवाल्याच्या वाट्याला ऑलिंपिकमध्ये एकच स्पर्धा.

दुखापतीच्या हिशेबानं निवड करू नका, हाडं दोन्हीकडे मोडतात. अमेरिकेच्या केविन पीअर्सच्या मेंदूला २००९ च्या ३१ डिसेंबरला पार्क सिटीच्या पाइपमध्ये गंभीर इजा झाली आणि त्याची स्पर्धात्मक कारकीर्द तिथेच संपली. स्लोपस्टाइलचा मार्क मॅकमॉरिस २०१६ मध्ये बिग एअरच्या स्पर्धेत मांडीचं हाड मोडून बसला होता.

पैशांचं म्हणाल, तर बक्षिसावर घर चालत नाही, प्रायोजक लागतात. आणि प्रायोजकाला पदकाइतकाच चांगला व्हिडिओही चालतो. कॉट्सनबर्ग सुवर्णानंतर काही वर्षांतच स्पर्धा सोडून डोंगरातल्या मोकळ्या बर्फावर चित्रीकरणाकडे वळला. व्हाइट मात्र पाइपमध्येच राहिला: एकतिसाव्या वर्षी सुवर्ण, पस्तिसाव्या वर्षी पुन्हा चौथा.