एंडोमेट्रियल अ‍ॅब्लेशनचा अनुभव: पाचपैकी चार स्टार

पाळीत प्रचंड अंगावरून जातं म्हणून ज्यांना "पिशवी काढूनच टाका" असं सांगितलंय त्यांनी हे वाचा प्लीज. अ‍ॅब्लेशन म्हणजे पिशवी न काढता तिचं आतलं अस्तर जाळून टाकणं. माझं हिमोग्लोबिन 8 च्या खाली गेलं होतं, रात्री दोन-दोन पॅड लावून खाली प्लास्टिक घालून झोपायचे, गाठी पडायच्या त्या वेगळ्याच. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं थांबायचं आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

डॉक्टरांना पूर्ण मार्क. आधी सोनोग्राफी, मग अस्तराची बायोप्सी, आणि रिपोर्ट नॉर्मल आल्याशिवाय तारीखच दिली नाही. मिरेनाचा, म्हणजे कॉपर-टीसारखं पिशवीत बसवायचं हॉर्मोनचं साधन, तो पर्यायही नीट समजावला. अजून मूल हवंय का हे मला आणि ह्यांना समोर बसवून विचारलं, कारण अ‍ॅब्लेशननंतर दिवस राहू शकतात पण ते आईसाठी आणि बाळासाठी धोक्याचं असतं, म्हणून पाळी पूर्ण थांबली तरी गर्भनिरोधक चालूच ठेवावं लागतं. आपल्याकडे इतका वेळ कोण देतं? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलंय.

माझं रेडिओफ्रिक्वेन्सीचं, म्हणजे विजेच्या लहरींच्या उष्णतेने करतात ते झालं. खालूनच जाळी आत घालतात, ती पिशवीत उघडते आणि दीड-दोन मिनिटांत अस्तर जळतं. टाका नाही, चिरा नाही, संध्याकाळी घरी.

आता नंतरचं. पहिल्या दिवशी पोटात जबरदस्त कळा आल्या, अगदी पाळीच्या पहिल्या दिवसासारख्या, पण पेनकिलर आणि गरम पाण्याची पिशवी एवढ्यावर भागलं. खरी गोष्ट पुढे आहे, पाणी जाणं. आधी लाल, मग चिकन धुतल्यावर निघतं तसं गुलाबी पाणी, मग नुसतं पाणी, आणि हे दोन ते चार आठवडे चालतं. मध्येच इतकं जायचं की ऑफिसात खुर्चीवरून उठताना कुर्ता मागून चाचपायचे. हे नॉर्मल आहे! पण हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळ नव्हती, घाबरून रात्री फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर, उद्या ओपीडीत या. एक स्टार तिथे गेला. बाई घरी एकटी असते, रक्त बघून आधीच धास्तावलेली असते, तिला एक छापील मराठी कागद द्यायला काय जातं हो?

तोपर्यंत माझ्याकडून घ्या. ताप आला, घाण वास यायला लागला, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढली किंवा तासाला एक पॅड भरायला लागला तर सकाळची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. संबंध, टॅम्पॉन, पोहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

पहिल्या एक-दोन पाळ्यांवरून निकाल लावू नका, खरा फरक कळायला तीनेक महिने लागतात. मला आता दोन दिवस थोडंसं जातं, पॅन्टीलायनरवर भागतं, जिना चढताना धाप लागत नाही. काहींची पाळी पूर्ण थांबते, काहींना पुढे काही वर्षांनी परत त्रास होऊन पिशवी काढावी लागते, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांमध्ये ते जास्त होतं, म्हणून वय कमी असेल तर हा विषय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. माझ्या जाऊबाईंना वाटलं माझा मेनोपॉज झाला. तसं नाही! बीजकोष चालूच असतात, त्यामुळे पाळीआधीची चिडचिड, छाती दुखणं सगळं तसंच येतं.

अजून एक, ऑपरेशनचे पेपर आणि बायोप्सी रिपोर्ट फाईलला लावून जपून ठेवा. पुढे मेनोपॉजनंतर कधी अंगावरून गेलं किंवा हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करायची वेळ आली तर आधी अ‍ॅब्लेशन झालंय हे त्या डॉक्टरला कळायलाच हवं, कारण त्यावर तपासणी आणि औषध दोन्ही ठरतं.