सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी माझे 9,750 रुपये कसे गेले ते वाचा

डोकं अजून तापलेलंच आहे त्यामुळे लिहिताना मागेपुढे होईल. पण आज लिहिणं भाग आहे, कारण ज्याने मला फसवलं तोच माणूस तेच फोटो टाकून परत जाहिरात चालवतोय, नाव बदललंय आणि भाव 8,800 केलाय.

माझ्या पीसीत 1050 टीआय हे जुनं ग्राफिक्स कार्ड होतं, 4 जीबीचं. नवीन गेम सगळं लो करूनही अडकायला लागले, मेमरीच पुरत नव्हती. बाकी पीसी धड होता, 450 वॅटचा पॉवर सप्लाय, मॉनिटर साधा 1080पी, म्हणून उगाच मोठ्या कार्डाच्या नादी न लागता 1660 सुपर घ्यायचं ठरवलं. 6 जीबी, 125 वॅट, आहे त्या सप्लायवर आरामात चालतं. हा हिशोब बरोबर होता आणि आजही मी तेच सांगेन. नवीन कार्डाचं बजेट नव्हतं, आणि आम्ही राहतो कणकवलीला, इथून मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन हातात घेऊन बघायचं म्हणजे येण्याजाण्यातच किती गेले असते.

जाहिरातीत 9,500, बिलासकट. माणूस मुंबईचा. मी कणकवली म्हटल्याबरोबर लगेच मालवणीत सुरू, "अरे मी पण देवगडचो, टेन्शन घेव नको, आपलोच माणूस मी, गणपतीक येतंय तेव्हा भेटूया." आता सांगा, असं बोलणाऱ्यावर आपल्याकडे कोण संशय घेतो? 2,000 ॲडव्हान्स पाठवले. ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती आल्यावर 7,500. पार्सल उतरवून घेताना भाड्याचे 250 वेगळे.

आणि हे आठवलं की अजून जळफळाट होतो. 7,500 टाकायच्या आधी त्याने कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला होता, त्यात निळं व्हीजीए पोर्ट स्पष्ट दिसत होतं. ही कार्डं बनवणाऱ्या एन्व्हिडियाने 2016 च्या पास्कल पिढीच्या कार्डांपासून ॲनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएच, काढून टाकलंय, 1660 सुपर तर त्याच्याही नंतरचं. मी विचारलं होतं त्याला! चॅट आहे माझ्याकडे. म्हणे जुन्या मॉनिटरवाल्यांसाठी कंपनी देते. वर ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, लिंक पाठवली, "ह्योच टाक, नवीन टाकलंस तर क्रॅश होता." तो ड्रायव्हर होता 391.35. मार्च 2018 चा. 1660 सुपर बाजारात आलं ऑक्टोबर 2019 मध्ये. जे कार्ड अजून निघालंच नव्हतं त्याचा ड्रायव्हर! सगळं समोर होतं, पण ड्रायव्हरची तारीख बघून पैसे पाठवतो का कोणी? समोर बिलाचा फोटो, पार्सलची पावती, आणि आपल्या गावची भाषा.

कार्ड लावलं तर विंडोजमध्ये नाव 1660 सुपर, मेमरी 6 जीबी. गेम लोड व्हायला लागला की स्क्रीन काळी. जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर नावाच्या आधीच फेक लिहून आलं. हीटसिंक काढून बघितलं, खाली जीटीएस 450 ची चिप, 2010 ची, 192 कोर. खऱ्यात 1,408 असतात. बायॉस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून नाव आणि मेमरी खोटी दाखवतात, खरी मेमरी 1 जीबीच, ती भरली की सगळं कोसळतं. म्हणून नुसता स्क्रीनशॉट मागू नका, व्हिडिओ कॉलवर मेमरी भरेल असा गेम त्याला 15 मिनिटं चालवायला लावा. पॉवरचं सॉकेट पण बघा, माझ्यावर 6 पिनचं होतं, 1660 सुपरला 8 पिनचं असतं.

त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पैसे गेले की पहिल्या तासातच करा हे, खातं गोठवायचा चान्स तेवढाच. मला कळेपर्यंत पार्सल यायचा वेळ गेला होता आणि त्याने खातं रिकामं केलं होतं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात म्हणाले हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा. तिथे चौकशी केली तर म्हणे विकणारा व्यापारी आहे हे आधी दाखवा. परत ठाण्यात, तर आता माणूस मुंबईचा आहे, तिकडे नोंदवा. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये सरळ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला तरी माहिती देता येते, 1 जुलै 2024 पासून लागू आहे हे! कलम दाखवलं तर साहेब म्हणाले, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला धावपळ करतोस?" एवढीशी? माझ्या दोन महिन्यांच्या ट्यूशनचे पैसे आहेत ते, आणि ह्याने असे किती जणांकडून घेतले असतील ते मोजायचं काम कोणाचं?

दमट, खारी हवा खाऊन जुनी कार्डं खराब होतात ते वेगळंच, त्यामुळे किनारपट्टीच्या माणसाकडून घेत असाल तर पोर्टांना गंज बघा. आणि 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं, कार्डं रात्रंदिवस चालवून होणारं मायनिंग बंद झाल्यावर जी कार्डं बाजारात आली त्यांचं "एक वर्ष वापरलेलं" बिल तपासल्याशिवाय मानू नका. मुंबईत मामा, आत्या, कोणीही असेल तर त्यांना पाठवून कार्ड चालू बघितल्याशिवाय एक रुपया ॲडव्हान्स नाही, समोरचा कुठल्याही गावचा असो.

चॅट, यूपीआयचे व्यवहार नंबर, पार्सलची पावती, उघडलेल्या चिपचे फोटो, सगळं प्रिंट करून ठेवलंय. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर त्याच कलमाखाली लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, ती सोमवारी ओरोसला पोस्टाने रवाना करतोय. त्या माणसाकडून तुम्हीही फसला असाल तर तुमचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, ती जाहिरात निघायच्या आत सेव्ह करून ठेवा.