आधी कोणते द्यावे: ‘द ब्लूएस्ट आय’ की ‘जेनेसिस बिगिन्स अगेन’?

आपल्या रंगाचा तिटकारा करू लागलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीची गोष्ट तेरा-चौदा वर्षांच्या वाचक मुलीला द्यायची असेल, तर दोन कादंबऱ्यांची नावे हटकून पुढे येतात. टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅलिशिया विल्यम्स यांची ‘जेनेसिस बिगिन्स अगेन’ २०१९ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी बालसाहित्यासाठी अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या न्यूबेरी सन्मानाची मानकरी ठरली. विषय एकच असला, तरी पहिली मुलीविषयी लिहिलेली आहे आणि दुसरी मुलीसाठी. निवड करताना गल्लत होते ती बहुधा येथेच.

मॉरिसन यांची कादंबरी त्यांच्या जन्मगावी, ओहायोतील लोरेन येथे, १९४०-४१ च्या काळात घडते. पिकोला ही अकरा वर्षांची मुलगी निळ्या डोळ्यांसाठी रोज प्रार्थना करते, कारण आपले डोळे सुंदर असते तर आई-बाप आपल्यासमोर वाईट वागले नसते, अशी तिची समजूत आहे. ही समजूत कोठून येते, हे लेखिका उपदेशातून न सांगता वस्तूंमधून दाखवते: शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीचे चित्र असलेला दुधाचा पेला, गोळीच्या वेष्टनावरची निळ्या डोळ्यांची मुलगी, आईने चित्रपटगृहात बसून पाहिलेल्या गोऱ्या नट्या. त्यातही एक प्रसंग विसरता येत नाही. आई ज्या गोऱ्या कुटुंबात कामाला आहे, तेथील स्वयंपाकघरात पिकोलाच्या हातून फळांचा गरम पदार्थ सांडतो आणि तिचे पाय भाजतात. आई मात्र पोटच्या मुलीला मारते आणि रडणाऱ्या गोऱ्या मुलीला जवळ घेऊन शांत करते. सौंदर्याच्या मापदंडाने आईची मायाही कशी वळवून घेतली, हे इतक्या थोडक्यात सांगणारे पान माझ्या वाचनात दुसरे नाही.

तरीही हे पुस्तक तेरा वर्षांच्या मुलीला एकटीने वाचायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बापाने केलेला लैंगिक अत्याचार आहे, पिकोलाचा शेवट वेडात होतो, आणि स्वतःवर प्रेम करायला शिकण्याची वाट तिच्यासाठी कोठेच उघडत नाही. मॉरिसन यांना ते दाखवायचेच नव्हते. एका मुलीला सगळा गाव मिळून कसा चिरडतो, हे त्यांना दाखवायचे होते.

‘जेनेसिस’ची त्याच नावाची नायिका तेरा वर्षांची आहे, डेट्रॉइट परिसरात राहते आणि स्वतःविषयी न आवडणाऱ्या गोष्टींची यादी ठेवते. भाडे थकल्यामुळे घरातले सामान बाहेर मांडलेले असते आणि नेमके तेच सोबत आलेल्या मुलींच्या नजरेस पडते, अशी या गोष्टीची सुरुवात आहे. लिंबापासून उजळपणाच्या क्रीमपर्यंत ती सगळे करून पाहते. रंगाची उतरंड कृष्णवर्णीय समाजाच्या आतही आहे, ही अवघड गोष्ट या पुस्तकात आजीच्या तोंडून येते: तपकिरी कागदी पिशवीपेक्षा गडद वर्ण असेल, तर आपल्याच माणसांत प्रवेश नाही. ज्यांच्या घरात स्थळ पाहताना ‘रंग जरा उजळ हवा होता’ असे म्हटले गेले आहे, त्यांना हे परके वाटणार नाही (विठोबाला सावळा म्हणताना आपला सूर किती वेगळा असतो!), मात्र त्या उतरंडीमागे गुलामगिरीचा इतिहास आहे, हे मुलीला सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये.

संगीत शिकवणाऱ्या बाईंमुळे जेनेसिसला बिली हॉलिडे आणि एला फिट्झगेराल्ड या कृष्णवर्णीय जॅझ गायिकांच्या आवाजाची ओळख होते आणि ती हळूहळू सावरते. येथे एक खोट राहतेच: बदलायचे ते मुलीने, तिला नावे ठेवणारे जग मात्र बरेचसे होते तसेच. पण व्यसनी बापाच्या शब्दांचे ओरखडे लेखिकेने झाकलेले नाहीत, त्यामुळे हे सावरणे स्वस्त वाटत नाही.

मुलगी फार वाचणारी नसेल, तर शॅरॉन फ्लेक यांची १९९८ ची छोटी कादंबरी ‘द स्किन आय’म इन’ चालेल. तिच्यातल्या शिक्षिकेच्या चेहऱ्यावर पांढरा डाग आहे. सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी लुपिता न्योंगो यांचे ‘सुल्वे’ हे चित्रपुस्तक पुरेसे आहे.

म्हणून आधी ‘जेनेसिस’ द्यावे आणि मॉरिसन सोळा-सतराव्या वर्षी, कोणी तरी सोबत वाचणारे असताना. त्याआधी हवे तर पिकोलाची मैत्रीण क्लॉडिया हिचा बाहुलीचा प्रसंग तेवढा एकत्र वाचावा. नाताळात मिळालेल्या निळ्या डोळ्यांच्या बाहुलीत सगळ्यांना एवढे काय आवडते, ते शोधण्यासाठी ती बाहुली फोडते, भुसा झटकून टाकते, आणि आत तिला सापडते ती आवाज काढणारी सहा भोकांची धातूची चकती.