अ‍ॅक्सेस, आठ महिन्यांनंतर: चुका निस्तरायला कसं आहे?

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी गेले आठ महिने नोंदी तक्त्यांत साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये चढवतेय. साडेचार हजारांवर पुस्तकं झाली. एवढ्या नोंदींत चुका होणारच, म्हणून त्या निस्तरण्याबद्दलच लिहिते.

टाइप करतानाच्या चुकांना ते छान सांभाळून घेतं. ओळीच्या डाव्या टोकाला पेन्सिलीचं चिन्ह आहे तोवर नोंद साठवलेली नसते. एस्केप एकदा दाबलं की तेवढा रकाना पूर्ववत, पुन्हा दाबलं की अख्खी नोंद. पुढच्या ओळीवर गेलात की नोंद आपोआप सेव्ह होते, कुणी विचारत बसत नाही. एक्सेलची सवय असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्या. त्यानंतरही कंट्रोल-झेड चालतं, पण दुसऱ्या नोंदीला हात लावायच्या आत.

पाचव्या महिन्यात मात्र मी मोठा घोळ केला. ‘प्रकार’ या रकान्यात काही ठिकाणी ‘कादंबरि’ असं ऱ्हस्व पडलं होतं. ते सुधारायला अपडेट क्वेरी (एकदम अनेक ओळी बदलणारी आज्ञा) लिहिली आणि अट घालायचीच राहिली. इतक्या ओळी बदलतील, नंतर अनडू होणार नाही, अशी सूचना समोर आली होती. आकडा न वाचता मी ‘येस’ दाबलं. इतिहास, पाककृती, बालसाहित्य, सगळ्यांपुढे ‘कादंबरी’! हातपाय गार पडले.

आदल्या संध्याकाळची प्रत पेनड्राइव्हवर होती. सरळ तीच वापरली असती तर त्या दिवशीच्या 38 नोंदी गेल्या असत्या. म्हणून जुन्या फाइलमधलं टेबल (नोंदींचा तक्ता) चालू फाइलला लिंक केलं, दाखल क्रमांकावर दोन्ही टेबलं जोडली आणि फक्त ‘प्रकार’ हा रकाना परत आणला. दाखल क्रमांक प्रायमरी की होता, म्हणजे प्रत्येक नोंदीचा वेगळा, म्हणून हे जमलं. उरलेले 38 प्रकार वहीत बघून हाताने भरले.

आता आधी साधी सिलेक्ट क्वेरी (ओळी नुसत्या दाखवणारी) चालवते, किती ओळी येतात ते बघते, मगच तिची अपडेट क्वेरी करते. ‘प्रकार’साठी कॉम्बो बॉक्स (निवडायची यादी) केलाय आणि यादीबाहेरचं काही न घेणारं त्याचं ‘लिमिट टू लिस्ट’ चालू ठेवलंय, त्यामुळे नवी ‘कादंबरि’ शिरतच नाही. प्रकाशनवर्षाला व्हॅलिडेशन रूल आहे, म्हणजे कोणता आकडा चालेल याची अट. 2012 ऐवजी 2102 पडलं की तिथेच अडतं.

गहाळ पुस्तकाची नोंद डिलीट करू नका. एकदा होकार दिला की ती परत येत नाही. मी ‘रद्द’ नावाचा येस-नो रकाना ठेवलाय, त्यात खूण करते.

आणि रोज वाचनालयाला कुलूप लावायच्या आधी फाइलची प्रत काढते, नावात तारीख घालून. पेनड्राइव्ह माझ्याबरोबर घरी येतो.