कलिंगड कार्ड, ७ वर्षांनी पुन्हा वापरलं

आम्ही २०१३ ते २०१८ टोकियोत होतो, निशी-कासाईला. नवऱ्याची आयटीतली नोकरी, आणि त्या भागात भारतीय इतके की भाजी आणायला गेलं तरी एखादं मराठी कुटुंब भेटायचंच. मग नाशिकला परत आलो, गंगापूर रोडला घर झालं, लेक इथल्या शाळेत रमली. या एप्रिलमध्ये १० दिवस फक्त फिरायला म्हणून गेलो, सोबत सासूबाई. निघायच्या आधी कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, एफडीच्या पावत्यांखाली, आमची तिन्ही सुइका कार्डं सापडली. ट्रेनची कार्डं, हिरवी, वर पेंग्विन. जपानीत सुइका म्हणजे कलिंगड, म्हणून लेक तेव्हापासून त्यांना कलिंगडच म्हणते.

तर हा रिव्ह्यू त्या कार्डाचा. माझ्याकडून ५ पैकी ५, का ते सांगते.

नवरा म्हणत होता ७ वर्षं झाली, बंद पडली असतील, नवीन घेऊ. मी म्हटलं नेऊन तर बघू. नियम असा आहे की शेवटच्या वापरापासून १० वर्षं कार्ड चालतं. आणि त्यात सेल वगैरे काही नसतो, गेटवरच्या रीडरजवळ धरलं की त्याच्याकडूनच वीज घेतं, त्यामुळे कपाटात पडून राहिलं म्हणून त्याचं काही बिघडत नाही. पण हे सगळं माहीत असूनही हानेदा विमानतळावर उतरल्यावर मोनोरेलच्या गेटसमोर माझे हात गार पडले होते. इमिग्रेशनला आम्ही टुरिस्टच्या रांगेत उभे राहिलो होतो ना, पूर्वी रेसिडेन्स कार्ड असायचं, रांग वेगळी असायची, ते मनाला लागलंच होतं. कार्ड टेकवलं, पिप् वाजलं, स्क्रीनवर १,१८० येन शिल्लक. २०१८ चे पैसे जसेच्या तसे! डोळ्यात पाणी आलं माझ्या, आणि मागे रांग होती म्हणून तशीच पुढे गेले.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, तिकडची बरीचशी गेट उघडीच असतात. काही गडबड असेल तरच फळ्या पटकन आडव्या येतात. तुम्ही चालत यायचं, चालता चालता कार्ड टेकवायचं, थांबायचं नाहीच. सासूबाई दोन स्टेशनं झाल्यावर विचारतात, "अगं, तिकीट कधी काढणार आपण?" म्हटलं, "आई, काढून झालं, तुम्ही मघाशी टेकवलंत ना तेच." त्यांचा विश्वास बसेना, टीसी आला तर काय दाखवायचं म्हणून पूर्ण प्रवासभर कार्ड मुठीत धरून बसल्या.

त्यांच्यासाठी आम्ही वेलकम सुइका घेतलं, ते टुरिस्टचं, २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे त्यात थोडे थोडेच भरा. साध्या कार्डाला ५०० येन डिपॉझिट असतं, कार्ड परत केलं की ते मिळतं. जास्तीत जास्त २०,००० येन भरता येतात आणि स्टेशनच्या मशीनवर भरायला रोखच लागते, त्यामुळे हजाराच्या दोन-तीन नोटा कायम जवळ ठेवा. जेआर म्हणजे जपान रेल्वे, मेट्रो, बस, कोनबिनी म्हणजे ती चोवीस तास उघडी दुकानं, कॉइन लॉकर, सगळीकडे हेच एक कार्ड. एक मात्र लक्षात ठेवा, टोकियोच्या एरियात टेकवून आत शिरलात आणि जेआरच्या साध्या गाडीने अतामी स्टेशनच्या पुढे नागोयाच्या दिशेने जाऊन उतरलात तर ते चालत नाही, एरिया बदलतो. लांब जायचं असेल तर सरळ कागदी तिकीट काढा.

आता लेकीच्या कार्डाचं. ती पहिलीत गेली तेव्हा काढलेलं, अर्ध्या तिकिटाचं. लहान मुलांचं कार्ड टेकवलं की गेट पिप् करत नाही, चक्क चिमणीच्या पिल्लासारखं पियो-पियो करतं, त्यावरून स्टाफला कळतं की हे लहान मुलाचं कार्ड आहे. आमच्या बाईसाहेब त्या आवाजासाठी सगळ्यांच्या पुढे पळायच्या. पण ही सोय तिकडची प्राथमिक शाळा संपते तेवढीच, १२ वर्षं पूर्ण होतात त्या शालेय वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत, आणि ही आता १४ ची. उएनोला जेआरच्या ऑफिसात पासपोर्ट दाखवून मोठ्यांचं करून घेतलं. बाहेर येऊन तिने टेकवलं, पिप्. ती काही बोलली नाही, मीही नाही.

तिसऱ्या दिवशी निशी-कासाईला गेलो. मेट्रोची तोझाई लाइन मिनामी-सुनामाची स्टेशननंतर जमिनीखालून वर येते, एकदम उजेड होतो आणि गाडी आराकावा नदीच्या पुलावर चढते, त्या पुलाची मी ५ वर्षं रोज वाट बघायचे. सासूबाईंनी गोदावरीला जोडतात तसे हात जोडले. शहर बदललंय हो, त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार तोयोसूला गेला तो आम्ही निघालो त्याच महिन्यात, यामानोते या टोकियोभोवती गोल फिरणाऱ्या रेल्वे लाइनच्या नकाशात २०२० पासून ताकानावा गेटवे हे स्टेशन वाढलंय, आमचा ओळखीचा भाजीवाला नाही, आमच्या बाल्कनीत दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. खाली उभं राहून बघितलं थोडा वेळ. शेजारच्या आजींसाठी नाशिकचा चिवडा नेला होता, त्या होत्या, त्यांनी लेकीला ओळखलं.

परत स्टेशनवर आलो तर पुढे एक पिटुकली मुलगी, पाठीवर लाल दप्तर, गेटला टेकवलं आणि पियो-पियो. आमची लेक जागच्या जागी थांबली, मागचे लोक बाजूने जायला लागले तरी हलेना. मग हळूच मला म्हणाली, "आई, माझा पण असाच यायचा ना?"

शेवटच्या दिवशी कार्डं परत करून डिपॉझिट घ्यायचा विषय निघाला. तिघांचे मिळून १,५०० येन. कोणी केली नाहीत. माझ्यात ४३० येन आहेत, डबा परत कपाटात गेलाय, आणि १० वर्षं आता या एप्रिलपासून मोजायची.